छिन्नी, पेन्सिल आणि वीट

डॉक्टर व्हायचं तर शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचावी लागतात, वकील व्हायचं तर कायद्याची. वास्तुविशारद व्हायचं तर कुठलं पुस्तक वाचायचं, असं पालक मला विचारतात तेव्हा उत्तर देताना माझी पंचाईत होते. बांधकामाचं पुस्तक आहे, वास्तुकलेच्या इतिहासाचं आहे. पण ज्या विषयाला आठवड्यातले सर्वांत जास्त तास दिलेले असतात, त्या 'डिझाइन' या विषयाला पाठ्यपुस्तक नाही. तो जिथे शिकवतात त्या खोलीला वर्गसुद्धा म्हणत नाहीत, स्टुडिओ म्हणतात. उंच टेबलं, त्यांवर पसरलेल्या शीट्स, पुठ्ठ्याची मॉडेलं, कात्र्या, डिंक आणि टेबलाटेबलांतून फिरणारे शिक्षक. शिक्षक एक जागा देतात आणि एक गरज सांगतात. समजा, उतारावरच्या जमिनीवर दोनशे मुलांची शाळा. विद्यार्थी आराखडा काढून आणतो. शिक्षक त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवतात, पेन्सिलीनं दोन रेघा ओढतात आणि विचारतात, "असं केलं तर?" विद्यार्थी परत जागेवर जातो, पुन्हा काढतो. पाच वर्षं हे असं चालतं.

ही शिकवण्याची रीत आपल्याकडे कशी आली, आणि येताना तिनं बरोबर काय आणलं, मागे काय ठेवलं, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. वरवर पाहता तो एका व्यवसायापुरता वाटेल. पण आपण ज्या घरात राहतो, ज्या शाळेत मुलांना पाठवतो, ज्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तासन् तास बसून राहतो, ती जागा ज्यानं आखली तो माणूस कसा शिकला, याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध येतोच.

कॉलेजं नव्हती तेव्हाही इमारती उभ्या राहत होत्या. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा मारत शिके, गवंड्याचा मुलगा ओळंबा धरत. आखणारा आणि रचणारा यांच्यात फारसं अंतर नसे. जमिनीवर फक्कीनं आखणी करणाराच पुढे भिंतीशी उभा असे. इंग्लंडमधली तऱ्हा थोडी वेगळी होती. तिथे होतकरू तरुण नाव असलेल्या वास्तुविशारदाच्या कचेरीत फी भरून उमेदवारी करी. पहिली काही वर्षं नकाशांच्या नकला काढायच्या आणि नकला काढता काढता शहाणं व्हायचं.

स्टुडिओचा जन्म झाला तो फ्रान्समध्ये, पॅरिसच्या 'एकोल द बोझार' या कलाशाळेत. एकोणिसाव्या शतकात तिचा जगभर दबदबा होता. गंमत अशी की या शाळेत व्याख्यानं होत, स्पर्धा होत, बक्षिसं मिळत, पण डिझाइन शिकायचं ते शाळेबाहेर, 'आतलिए'मध्ये. आतलिए म्हणजे कार्यशाळा. तिथे एखादा नामांकित वास्तुविशारद गुरू असे, त्याला 'पात्रों' म्हणत. तो रोज येत नसे. आठवड्यातून एक-दोनदा यायचा, कामं बघायचा, चार शब्द बोलायचा आणि जायचा. बाकीचं शिक्षण जुने विद्यार्थी नव्यांना देत. नव्या पोरांनी थोरांसाठी शाई खलायची, कागद ताणून बसवायचे, मोठ्या नकाशातल्या सावल्या रंगवायच्या. त्यातूनच ती शिकत.

स्पर्धेची पद्धत कडक होती. विषय मिळाला की विद्यार्थ्याला एका लहानशा खोलीत एकटं बसवत. ठरलेल्या तासांत त्यानं कच्चा आराखडा काढायचा आणि त्याची प्रत शाळेकडे ठेवून बाहेर पडायचं. पुढचे काही आठवडे तो आराखडा फुलवायचा, पण मूळ कल्पना बदलायची नाही. बदलली तर बाद. मुदतीच्या दिवशी शीट्स गोळा करायला हातगाडी यायची. तिला फ्रेंचमध्ये 'शारेत' म्हणतात. मुलं त्या गाडीबरोबर धावत शेवटच्या रेघा ओढत, असं सांगतात. हा शब्द वास्तुकलेच्या जगात अजून टिकून आहे. मुदतीआधीच्या धावपळीला आणि रात्रजागरणाला आजही शारेट म्हणतात.

या पद्धतीनं दोन मोठ्या गोष्टी दिल्या. एक, डिझाइन ऐकून येत नाही, ते करून येतं, हे तिनं ओळखलं. दुसरी, शेजारच्या टेबलावरचं काम पाहूनही माणूस शिकतो, हेही तिनं ओळखलं. पण तिच्यात एक उणीव होती. तिथे राजवाडे, न्यायालयं, संग्रहालयं अतिशय सुंदर चितारली जात आणि त्यातली जवळजवळ एकही इमारत उभी राहत नसे. आतलिएतून कार्यशाळेचा उत्साह आला, पण तिथे वीट नव्हती, दगड नव्हता आणि गवंडीही नव्हता.

मुंबईत मात्र सुरुवात नेमकी दुसऱ्या टोकानं झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कला आणि उद्योगाच्या शाळेसाठी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. त्यांचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षी मुंबईत जन्मला, तोच पुढे लेखक म्हणून जगाला माहीत झाला. लवकरच शाळेत तीन कार्यशाळा सुरू झाल्या. शिल्पकाम किपलिंग यांच्याकडे, सजावटीचं चित्रकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे आणि घडीव लोखंडाचं काम हिगिन्स यांच्याकडे. म्हणजे जे. जे.मध्ये आधी आली ती छिन्नी, घण आणि कुंचला. इमारतींचा आराखडा शिकवण्याचा तिथे अजून पत्ता नव्हता.

या कार्यशाळांना काम मिळायला तो काळ फार सोयीचा होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडायला काढले आणि मुंबईत मोठमोठ्या इमारती उठू लागल्या. १८६९ मध्ये पुरं झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकरी आणि बाजारकऱ्यांची उठावशिल्पं किपलिंग यांची आहेत. आज आपण त्या बाजाराला महात्मा फुले मंडई म्हणतो. पण सर्वांत मोठं काम होतं ते बोरीबंदरच्या रेल्वे स्टेशनचं. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ते चाललं. या इमारतीवरची पानं-फुलं, माकडं, मोर, जाळ्या आणि कठडे यांच्या कामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. हल्लीच्या शैक्षणिक बोलीत सांगायचं तर हा 'लाइव्ह प्रोजेक्ट' होता. दगड खरा, परात खरी, आणि बिघडलेलं पान खोडरबरानं पुसता येत नव्हतं.

पण या चित्राची दुसरी बाजू पाहायला हवी. स्टेशनचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. सीताराम खंडेराव वैद्य सहायक अभियंता होते, एम. एम. जनार्दन देखरेखीवर होते आणि दगडात जीव ओतणारे हात इथल्या मुलांचे होते. इमारत कशी असावी हे ठरवण्याचा हक्क मात्र इंग्रज वास्तुविशारदाचा. हिंदी माणसाचा हात कुशल, त्याला काम द्यावं, त्याचं कौतुकही करावं, पण योजना करण्याचं काम त्याचं नव्हे, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. छिन्नी हातात होती, पेन्सिल नव्हती.

पेन्सिल आली तीही मागल्या दारानं. १८९६ मध्ये जे. जे.त ड्राफ्ट्समनचा वर्ग उघडला. सरकारी खात्यांना आणि खासगी कचेऱ्यांना नकाशे काढणारी माणसं हवी होती. साहेबानं कल्पना सांगावी, हिंदी ड्राफ्ट्समननं ती स्वच्छ शाईत उतरवावी, एवढाच त्या वर्गाचा हेतू. पण हातात पेन्सिल दिली की ती कुठवर जाईल हे देणाऱ्याला ठरवता येत नाही. पुढच्या दोन दशकांत तो वर्ग वाढत वाढत वास्तुकलेचा रीतसर अभ्यासक्रम झाला. १२ मे १९१७ रोजी दहा माजी विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली आणि तिचं नाव साधंसं ठेवलं, आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष होते. तीच संघटना १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. एका कला-शाळेतल्या दहा माजी विद्यार्थ्यांच्या मंडळातून अख्ख्या देशाची व्यावसायिक संस्था उभी राहिली, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९३६ मध्ये पेरीन जमशेटजी मिस्त्री इथून पदविका घेऊन बाहेर पडल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आडनाव मिस्त्री असावं, हाही एक छान योगायोग.

याच काळात जे. जे.च्या स्टुडिओला क्लॉड बॅटली यांच्यासारखा शिक्षक मिळाला. ते १९१३ मध्ये भारतात आले आणि १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं त्यांनी वास्तुकला विभागाची धुरा वाहिली. मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांच्याच फर्मनं बांधलेलं. विद्यार्थ्यांनी ग्रीक आणि रोमन खांबांची चित्रं गिरवत बसण्यापेक्षा इथल्या जुन्या वास्तू मोजाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थी देवळं, घाट, वाडे, मशिदी यांच्याकडे टेप घेऊन गेले आणि त्यांची मापं काढून नकाशे केले. बॅटली यांनी भारतीय वास्तुरचनेवर जो चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, त्यामागे हीच मापणी होती.

'मेझर्ड ड्रॉइंग' हा प्रकार आजही वास्तुकलेच्या बहुतेक कॉलेजांत आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांबरोबर अनेक वाडे मोजले आहेत, म्हणून त्याविषयी थोडं सविस्तर सांगतो. एकानं टेपचं शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचायचा, तिसऱ्यानं तो तसाच उच्चारून वहीत लिहायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच तासाला मुलांच्या लक्षात येतं की खोली काटकोनात नाही. चारही भिंती मोजल्या तरी नकाशा जुळत नाही, तेव्हा कर्ण मोजावा लागतो. मग कळतं की खालच्या मजल्याची भिंत वरच्यापेक्षा जाड आहे, आणि तिच्या जाडीतूनच एक माणूस जेमतेम मावेल असा जिना वर गेला आहे. दुपारपर्यंत आणखी एक शोध लागतो. ओटी, सोपा, माजघर यांची मापं एका हिशेबात बसतात आणि तो हिशेब म्हणजे खण, दोन खांबांमधलं अंतर. मग कुणीतरी विचारतं, खण एवढाच का? उत्तर डोक्यावर असतं. तुळईला मिळालेलं लाकूड जेवढं लांब, तेवढा खण. जंगलातल्या झाडाची उंची माजघराची रुंदी ठरवते, हे मुलांना पुस्तकातूनही सांगता येतं. पण तुळईखाली उभं राहून, मान दुखेपर्यंत वर बघून जे कळतं ते पक्कं बसतं. तळखड्यावरच्या खांबाचा घेर दोरीनं मोजणारा मुलगा पुढे आयुष्यात कधी खांब काढताना नुसता चौकोन काढून मोकळा होत नाही.

बॅटली यांच्या काळात शिकलेल्यांपैकी एक होते कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे. जे. जे.तून १९४० च्या दशकात ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपियस. परत आल्यावर कानविंदेंनी अहमदाबादची 'अटिरा' ही कापड-संशोधन संस्था आणि कानपूरची आय.आय.टी. अशा इमारती उभ्या केल्या.

ज्या ग्रोपियसकडे कानविंदे शिकले, त्यांनीच १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार शहरात 'बाउहाउस' ही शाळा काढली होती. बोझारमधून हरवलेला कारागीर तिला परत शाळेत आणायचा होता. म्हणून तिथे प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत. एक चित्रकार किंवा शिल्पकार, तो आकाराविषयी शिकवणार. दुसरा सुतार, विणकर किंवा लोहार, तो हत्यार कसं धरायचं ते शिकवणार. आधी सहा महिन्यांचा पायाभूत वर्ग आणि त्यात लाकूड, काच, सूत, कागद हाताळून बघायचे. बर्लिनमध्ये झोमरफेल्ड नावाच्या लाकूड-व्यापाऱ्याचं घर १९२०-२१ मध्ये बांधलं गेलं. त्याचं कोरीवकाम, रंगीत काचा, खुर्च्या विद्यार्थ्यांनी केल्या. गंमत म्हणजे ज्या शाळेच्या जाहीरनाम्यात इमारतीला सर्वोच्च स्थान दिलं होतं, तिथे वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग सुरू व्हायला १९२७ साल उजाडलं. आणि १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली शाळाच बंद पडली. पण तिथली पायाभूत वर्गाची कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे पहिल्या वर्षाची मुलं पुठ्ठा, तार आणि मातीशी खटपट करताना दिसतात, ती त्याच कल्पनेची नातवंडं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे स्टुडिओला नवं रूप दिलं ते बाळकृष्ण दोशी यांनी. ते पुण्यात १९२७ मध्ये जन्मले. आजोबांचा फर्निचरचा कारखाना, त्यामुळे लाकडाचा वास लहानपणापासून ओळखीचा. १९४७ मध्ये ते जे. जे.त दाखल झाले आणि पुढे पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या आतलिएमध्ये काम करून परतले. १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादला वास्तुकलेची शाळा सुरू केली. तीच पुढे 'सेप्ट' या नावानं ओळखली गेली आणि २००५ मध्ये विद्यापीठ झाली. तिची इमारत दोशींनी स्वतःच आखली. विटांच्या समांतर भिंती, उत्तरेचा उजेड घेणारे स्टुडिओ, त्यांच्याखाली मोकळी सावली, आणि दारं शक्य तितकी कमी. पहिल्या वर्षाच्या मुलानं जाता-येता पाचव्या वर्षाच्या मुलाचं काम बघावं, झाडाखाली चाललेला वाद ऐकावा, अशी ती योजना होती. पॅरिसच्या आतलिएमधलं 'शेजाऱ्याकडून शिकणं' इथे भिंतींच्या रचनेतच बसवलेलं दिसतं. २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये ते गेले.

इथे एक प्रश्न मनात येतो. या सगळ्यात शिक्षक नेमकं काय शिकवतो? अमेरिकेतल्या एम.आय.टी.मधले विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये यावर लिहिलं. स्टुडिओत एक शिक्षक आणि एक विद्यार्थिनी यांच्यात चाललेलं बोलणं त्यांनी बारकाईनं तपासलं. उताराची जमीन, त्यावर शाळा, विद्यार्थिनी अडून बसलेली. शिक्षक नियम सांगत नाही. तो काढत जातो आणि बोलत जातो. प्रत्येक रेघेनंतर कागदावर काय झालं ते बघतो आणि पुढची रेघ ठरवतो. करता करता विचार करणं, असं शॉन त्याला म्हणाले. आपल्याकडे गाणं शिकलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. गुरू तान घेतो, शिष्य घेऊन बघतो, गुरू मान हलवतो. तालमीत जे चालतं तेच इथे कागदावर चालतं.

तालमीची ही रीत चांगलीच आहे. पण गाण्याच्या तालमीत सूर तिथल्या तिथे ऐकू येतो. स्टुडिओतली इमारत कागदावरच राहते, ती गळते की नाही हे कधी कळतच नाही. ही अडचण किती गंभीर असू शकते, ते महाराष्ट्रानं १९९३ मध्ये पाहिलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप फार मोठ्या क्षमतेचा नव्हता. माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. दगडाच्या जाड भिंती, मातीचा गारा, वर माळवदाचं प्रचंड ओझं. भिंत बाहेरून भक्कम दिसे. पण तिचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असत, मध्ये चुरा भरलेला, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेले नसत. धक्का बसला आणि पदर सुटले. ही भिंत नकाशावर काढली तर दोन समांतर रेघाच दिसतात. आरपार दगड आहे की नाही, हे ती भिंत रचताना पाहणाऱ्यालाच कळतं.

म्हणून कारागिराचा हात नेहमी बरोबर असतो, असंही मी म्हणणार नाही. किल्लारीच्या त्या भिंती कारागिरांनीच रचल्या होत्या. आणि नंतर जे पुनर्वसन झालं, त्यात कागदावर आखणाऱ्यांचीही परीक्षा झाली. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली. घरं भूकंपाला टिकतील अशी झाली, हे मान्यच करायला हवं. पण अनेक गावांत सरळ रस्ते आणि सारख्या घरांच्या रांगा आल्या. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे ठेवायचा, बायकांनी दुपारी कुठे बसायचं, याचा विचार त्या रेघांत कमी होता. लोकांनी पुढे आपापल्या सोयीनं पडव्या काढल्या, पत्र्याच्या शेडी उभारल्या. रचणाऱ्याला आखणी दिसली नाही की काय होतं आणि आखणाऱ्याला जगणं दिसलं नाही की काय होतं, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रदेशात शेजारी शेजारी पाहायला मिळाल्या.

योगायोग असा की त्याच १९९३ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एका विद्यापीठानं या अडचणीवर उपाय शोधायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या ऑबर्न विद्यापीठात सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रुथ या प्राध्यापकांनी 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. हेल काउंटी हा त्या राज्यातला अतिशय गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचा भाग. विद्यार्थ्यांनी शहरातला स्टुडिओ सोडून तिथे जाऊन राहायचं, तिथल्या कुटुंबाशी बोलायचं, घर आखायचं आणि स्वतःच्या हातांनी बांधायचं. पहिलं घर १९९४ मध्ये एका वृद्ध जोडप्यासाठी झालं. त्याच्या भिंती पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या होत्या, वरून गिलावा दिलेला. स्वस्त आणि उन्हा-थंडीला चांगल्या. नंतर जुन्या टायरांत माती ठासून एक प्रार्थनामंदिर बांधलं, तर भंगारातल्या मोटारींच्या पुढच्या काचा वापरून एका वस्तीचं सभागृह. मॉकबी २००१ च्या अखेरीस वारले, पण स्टुडिओ चालू राहिला. २००५ पासून तिथल्या मुलांनी वीस हजार डॉलरांत बांधता येईल असं चांगलं घर शोधण्याचा ध्यास घेतला. एका तुकडीनं घर बांधायचं, पुढच्या तुकडीनं त्यातले दोष पाहून सुधारायचं.

मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्यांनी गरिबाचं घर बांधणं यात एक धोका असतो. सत्र संपतं, मार्क मिळतात, मुलं निघून जातात, आणि छप्पर गळायला लागतं ते पुढच्या पावसाळ्यात. मग त्या कुटुंबानं कुणाकडे जायचं? कुणाचं घर ही विद्यापीठाची प्रयोगशाळा होऊ नये. रूरल स्टुडिओचं वेगळेपण असं की तो तिथून हलला नाही. तीस वर्षांहून अधिक काळ तो त्याच परिसरात आहे. आपण बांधलेलं घर पाच वर्षांनी कसं दिसतं, हे तिथल्या शिक्षकांना रोज येता-जाता दिसतं. गवंडी गावातच राहत असे तेव्हा त्याच्यावर जी जबाबदारी आपोआप येई, ती त्यांनी विद्यापीठात पुन्हा आणली.

आपल्याकडे सगळीच कॉलेजं असं करू शकणार नाहीत. खर्च आहे, परवानग्या आहेत, परीक्षेचं वेळापत्रक आहे. शिवाय २०२० मध्ये महासाथीनं स्टुडिओच बंद केले. मुलांनी आपापल्या घरातून संगणकाच्या पडद्यावर आराखडे दाखवले आणि शिक्षकांनी पडद्यावरच त्यांची जुरी घेतली. काम अडलं नाही, पण शेजारच्या टेबलावर डोकावणं गेलं. संगणकावर आज इतकं हुबेहूब चित्र निघतं की इमारत बांधूनच झाली आहे असा भास होतो. बोझारच्या सुंदर रंगवलेल्या शीट्समध्ये जो मोह होता, तोच आता पडद्यावर आला आहे.

म्हणून माझं म्हणणं अगदी लहान आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं पाच वर्षांत निदान एक भिंत स्वतः रचावी. दोरी लावावी, पाणसळ धरावी, माल कालवावा, सांध्यावर सांधा येऊ न देता पाच थर चढवावेत. आणि त्याच्या शेजारी एक गवंडी शिक्षक म्हणून उभा असावा, मानधन घेऊन, नाव लावून. बाउहाउसनं कारागिराला गुरूची खुर्ची दिली होती. आपण अजून त्याला स्टुडिओच्या आत फारसं बोलावलेलं नाही. उलट, गवंड्याच्या मुलीला किंवा सुताराच्या मुलाला या कॉलेजांत येणं किती परवडतं, हाही प्रश्न विचारायला हवा. ज्यांच्या बापजाद्यांच्या हातात ही विद्या होती, त्यांच्यापासून पेन्सिल आजही लांबच राहिली, तर जे. जे.च्या त्या दहा विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये सुरू केलेलं काम अर्धवट राहिलं असं म्हणावं लागेल.

मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर गर्दीतून जरा बाजूला उभे राहा आणि वर बघा. पर्यटकांना वास्तुविशारदाचं नाव सांगितलं जातं, ते योग्यच आहे. पण खांबाच्या माथ्यावरची ती पानं नीट पाहिलीत, तर दोन पानं सारखी नाहीत असं दिसेल. ती शिकाऊ मुलांनी केली आहेत. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्यांचा गृहपाठ मात्र अजून पावसात उभा आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)